डॉक्टरीण माफी मागत नाही

३ फेब्रुवारी

लाडक्या खारूस,

मावशीचा एक पापा आणि एक धपाटा. पापा यासाठी, की काल मालिकेच्या शेवटी 'संवाद' या शब्दापुढे तुझं नाव नीट वाचता आलं. एरवी ती अक्षरं अशी पळतात, जणू पोलीस मागे लागलेत. धपाटा यासाठी, की माझ्या पत्रांना तुझं उत्तर नाही.

फोन कर म्हणशील. फोन लावला की तुझे काका म्हणतात, स्पीकर लाव. मग ते बोलणं माझं राहत नाही, घराचं होतं. आणि तुमच्या सेटवर तर दारातच फोन काढून घेतात म्हणे, गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून. त्यापेक्षा पत्र बरं. शिलाईच्या मशीनवर कागद पसरला की कुणी काही विचारत नाही.

आमच्या शिवणघरात साडेसातला सगळ्या मशिनी थांबतात. शाळांचे गणवेश तसेच पडून, आणि आम्ही सगळ्या तुझ्या डॉक्टरणीपुढे. काल तिच्या नवऱ्याने तिच्या थोबाडीत दिली तेव्हा काजवालीच्या बोटात सुई गेली. बटणांची काजं करणारी बाई ती, कधी चुकत नाही. आणि तीच थप्पड तुम्ही तीनदा दाखवलीत. समोरून, बाजूने आणि वरून. वरून कशाला गं? देव बघत होता म्हणून?

आता माझं ऐक. हे प्रकरण फार ताणू नका. पाहुण्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडलं म्हणजे तिचंही चुकलंच. तिने दोन शब्द नमतं घ्यावं, तोही निवळेल. शिकलेली आहे म्हणून काय संसार वाऱ्यावर सोडायचा? तिची आई बघ कशी शहाणी आहे. त्या आईच्या तोंडी तू माझी वाक्यं घालतेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. परवा ती जावयाला म्हणाली, 'बसा, खुर्ची चावत नाही.' ते माझं आहे. मी सगळ्यांना सांगितलं.

आमची लेक बारकी सासरहून आलीय विश्रांतीला. कानात ठणका आहे, थंडी बाधली. तीही आमच्यात बसून मालिका बघते, पण फार बोलत नाही. म्हणून म्हणते, डॉक्टरणीचं लवकर मार्गी लाव.

मशीन बोलावतेय.

मावशी


११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

धपाटा पोचला. पाठीला लागला नाही, पण मनाला लागला.

तुला वाटतं, डॉक्टरणीचं आयुष्य माझ्या हातात आहे. तसं नाही गं. गोष्ट एका लांबलचक टेबलावर ठरते. एका टोकाला आमचे निर्माते, ज्यांना सगळे मालक म्हणतात, आणि दुसऱ्या टोकाला चॅनेलच्या मॅडम. तिथे ठरतं की कोण रडणार आणि कोण रडवणार. मग मला सांगतात, शब्द घाल.

त्या थपडेची गंमत ऐक. हिरोने हात उगारला आणि तिच्या गालापासून वीतभर लांबून नेला. तो आवाज आहे ना, तो आमच्या ध्वनीवाल्याने स्वतःच्या मांडीवर मारून काढलेला. मग मेकअपवाल्याने विचारलं, 'गालावर वळ काढू का?' मॅडम म्हणाल्या, 'छे, जवळून चेहरा वाईट दिसतो. रडू दे तिला, पण सुंदर रडू दे.' त्या आठवड्यात टीआरपी वर गेला म्हणून मालकांनी केक आणला. थपडेचा केक. मी माझा तुकडा कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठेवला, तो कुणीतरी खाल्ला.

एक सांग, गेल्या वर्षभरात आपल्या डॉक्टरणीला पेशंट तपासताना बघितलंस? ॲप्रन आहे, गळ्यात स्टेथोस्कोप आहे, पेशंट नाही. सासूबाईंची साखर तपासते तेवढीच. मी एकदा दवाखान्यातला प्रसंग लिहून दिला तर मालक म्हणाले, 'पेशंट दाखवायचा तर सेट बांधावा लागेल. तिला स्वयंपाकघरातच फोनवर बोलू दे.'

तुझी इच्छा मात्र पुरी होणार असं दिसतंय. तिने माफी मागावी असं टेबलावरही चाललंय. मी अडून बसलेय.

बारकीच्या कानाचं काय झालं? थंडी बाधली की घसा धरतो, नाक वाहतं. नुसता एकच कान कसा धरला? ती दवाखान्यात एक्सरे काढणारी मुलगी, आजूबाजूला सगळे डॉक्टर. कुणाला दाखवला का? मी तिला फोन केला होता, तिने उचलला नाही. आणि लग्नाला दोन वर्षं झाली, ती कधी एवढे दिवस राहायला आल्याचं मला आठवत नाही.

तुझी,
खारू


१९ फेब्रुवारी

खारू,

कान बरा आहे. बारकी बरी आहे. विश्रांती घेतेय असं लिहिलं होतं ना?

तू आपलं मालिकेचं बघ. तुम्हा लिहिणाऱ्यांना घरं मोडायला काय जातं, कागदच तर फाडायचा असतो. रागाच्या भरात उठतो माणसाचा हात, दिवसभर कामाने पिचलेला असतो. जावई काही वाईट नाहीत. स्वतःहून फोन केला त्यांनी, चौकशी केली. माणूस फोन करतो म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणारच ना?

डॉक्टरणीने माफी मागावी असं आमच्या इथे सगळ्यांचं मत आहे. सगळ्यांचं म्हणजे माझं आणि काकांचं. काजवाली गप्प आहे.

मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

मालिकेतला डॉक्टरणीचा नवरा सध्या परदेशात आहे. कामाला वगैरे नाही. त्या नटाला कावीळ झालीय आणि तो घरी उसाचा रस पीत पडलाय. म्हणून गेले काही दिवस पडद्यावर नुसतं 'तो नाही तर घर सुनं वाटतं' चालू आहे. ते सगळं मीच लिहिलंय. त्याने कुणालाही फोन केल्याचं मी लिहिलेलं नाही.

मग फोन कुठल्या जावयांनी केला?

मी तुझं पत्र परत परत वाचलं. आडवळणाने विचारत बसत नाही. बारकीला मारलं का त्याने? कान त्यामुळे दुखतोय का?

काल टेबलावर मी भांडले. मॅडम म्हणाल्या, 'आपली बघणारी बाई घरात असते. तिला घर टिकलेलं बघायला आवडतं.' मी म्हटलं, 'तिला कुणी विचारलंय?' त्या म्हणाल्या, 'आकडे सांगतात.' मॅडम स्वतः एकट्या राहतात, मुलीला एकटीने वाढवलंय त्यांनी. जिना उतरताना मी ते बोलून दाखवलं. म्हणाल्या, 'माझ्या घराची मालिका कोण बघणार?' आणि गाडीत बसल्या.

तेव्हा मी तुझ्याबद्दल विचार करत होते. मॅडमच्या आकड्यात तूही एक आहेस, मावशी. तुला काय आवडतं ते मला आकड्यातून नको, तुझ्याकडून हवंय. पण त्याआधी बारकीचं सांग. ही मालिका नाही.

खारू


९ मार्च

खारू,

तुझं पत्र कापडाच्या ताग्याखाली ठेवलं होतं. रोज काढायचे आणि परत सारून द्यायचे.

हो. मारलं.

तिची एक्सरेची नोकरी सुटलीय, ते तुला कळवलं नव्हतं. त्याचे मित्र जेवायला आले होते. त्यांच्यासमोर तो म्हणाला, हिला नोकरीची हौस नव्हतीच, कंटाळून आपणहून सोडली. ही म्हणाली, 'मी सोडली नाही, मला सोडायला लावली.' एवढंच बोलली गं. मित्र हसले, विषय बदलला. ते गेल्यावर ताटं उचलताना त्याने दिली. कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणतात, भरून येईल. कधी ते सांगत नाहीत.

काकांना फक्त भांडण झालं एवढंच माहीत आहे. कान मी थंडीवर ढकललाय. त्यांना सांगितलं तर एक तर ते जावयाच्या अंगावर धावतील, नाहीतर लेकीलाच गप्प बस म्हणतील. यातलं कुठलं होईल ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला सांगता येत नाही, आणि दोन्हीची मला भीती वाटते.

तू म्हणशील, मावशी, तू अशी कशी? मी अशीच. आम्ही दोघं काय जन्माला पुरणार तिला? उद्या आम्ही नसलो की भावकीतली माणसं दाराशी उभी तरी करतील का? माणूस घाबरलं की बाकी काही सुचत नाही, नुसतं घर धरून ठेवावंसं वाटतं. मग ते कुणाचं का असेना.

येत्या रविवारनंतरच्या रविवारी तो आणि त्याची आई येणार आहेत. बारकीने 'चुकलं' म्हणायचं आणि त्यांच्याबरोबर जायचं, असं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे मी. बारकी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते.

म्हणून तुला हात जोडून सांगते. तिच्या आधी डॉक्टरणीला माफी मागायला लाव. बारकी माझं ऐकत नाही, पण तुझ्या डॉक्टरणीकडे टक लावून बघते. एवढी शिकलेली, देखणी बाई वाकली तर हिलाही वाकण्यात कमीपणा वाटणार नाही. तू लिही. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. बहिणीसाठी लिही.

मावशी


१८ मार्च

मावशी,

नाही लिहिणार.

तुझ्या पत्रानंतर मी अख्खा दिवस सेटवर नुसती भिंतीला टेकून बसले. तू मागितलंस म्हणून लिहावं असं एकदा वाटलंही. पेन उचललं आणि डॉक्टरणीच्या जागी बारकी दिसायला लागली, हातात उष्टी ताटं घेऊन. तिच्या तोंडात 'माझं चुकलं' कसं घालू? काय चुकलं ते तरी सांग. खरं बोलली ते?

मी दुसरंच लिहून नेलं. त्यात नवरा परत येतो, डॉक्टरीण दारात उभी असते, अंगात ॲप्रन. म्हणते, 'मी ड्यूटीवर चाललेय. तुला माझ्याशी बोलायचं असेल तर आधी काय केलंस ते बोल.' बस. मालकांनी वाचलं आणि कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. 'ही बाई प्रेक्षकांना आवडणार नाही.' मी म्हटलं, 'नवरा मारतो तो आवडतो का?' ते म्हणाले, 'तो हिरो आहे. त्याला सुधारायची संधी द्यावी लागते.' मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हटलं, 'मग हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.' त्यांनी घेतलं. शेजारच्या खोलीत, चहा होईपर्यंत लिहून झालं. तसली वाक्यं तयारच असतात.

मला उद्यापासून येऊ नको म्हणालेत. मालिकेच्या शेवटी येणारं माझं नाव काढून टाका, असं मी सांगून आले.

आमची डॉक्टरीण, म्हणजे ते काम करणारी मुलगी, मला जिन्यात गाठून विचारत होती, 'मी काय करू?' तिच्या जिवावर तिचं घर चालतं. मी म्हटलं, तू काम कर. तिने केलं.

शुक्रवारी तो भाग लागेल. तुझ्या मनासारखं झालंय, मावशी, फक्त ते माझ्या हातून झालेलं नाही. एक माग तुझ्याकडे. बघशील तेव्हा पडद्याकडे नको, बारकीकडे बघ.

खारू


३० मार्च

खारू,

आज सगळं सांगते, सावकाश वाच.

शुक्रवारी साडेसातला मशिनी थांबल्या. बारकी नेहमीसारखी दाराजवळच्या स्टुलावर, चांगला कान टीव्हीकडे करून. मी माझी खुर्ची अशी फिरवली की मला ती दिसावी.

आधी ती आई आली. डॉक्टरणीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, 'बाईच्या जातीला थोडं सोसावं लागतं, राणी. तू जरा वाक, तो विरघळेल.' खारू, शब्दाला शब्द हेच मी सकाळी बारकीला म्हणाले होते. केसांवरून हात फिरवत. तू तर तिथे नव्हतीस, मग माझं वाक्य त्यांना कुठून मिळालं? मग कळलं, ते माझं नव्हतंच. मला माझ्या आईने म्हटलेलं, तिला तिच्या आईने. रस्त्यावर पडलेलं वाक्य ते, कुणीही उचलावं. खुर्ची चावत नाही, ते माझं. हे माझं नाही.

मग डॉक्टरीण आली, नवऱ्यापुढे गुडघ्यावर बसली, हात जोडले. 'माझं चुकलं.' मागे व्हायोलिन. त्याने तिला अलगद उठवलं, सगळं घर हसायला लागलं. आमच्यातली एक डोळे पुसत म्हणाली, 'बघ गं बारके, किती गोड.'

मी बारकीकडे बघितलं. रडत नव्हती. तिने दुखरा कान हाताने झाकला होता. टीव्हीत कुणी कुणाला मारत नव्हतं गं, सगळे हसत होते. तरी तिने कान झाकला होता.

मी उठले आणि टीव्ही बंद केला. 'अहो, अजून राहिलंय!' म्हटलं, राहू दे. मशिनी सुरू करा. काजवालीने सगळ्यात आधी पाय मारला.

त्या गेल्यावर मी बारकीजवळ बसले. विचारलं, 'तुला काय करायचंय?' आजवर विचारलंच नव्हतं, तिने काय करावं ते सांगतच आले होते. ती म्हणाली, 'मला कामावर जायचंय. माझी जागा अजून भरलेली नाही, मी विचारून आलेय.' मला न सांगता विचारून आली होती! भिंतीकडे तोंड करून झोपते म्हणून मी हिला हरलेली समजत होते.

रविवारी ते आले. मी 'बसा' म्हटलं आणि पुढचं काही म्हटलं नाही. तिची सासू म्हणाली, 'झालं गेलं सोडून देऊ. हिने एक सॉरी म्हणावं, गाडीत बसावं. आम्हीही मनात ठेवणार नाही.' काका मान डोलावत होते.

बारकी म्हणाली, 'काय म्हणालात? या बाजूने मला ऐकू येत नाही. इकडे येऊन बोला.'

सासूबाईंना खुर्ची उचलून तिच्या दुसऱ्या बाजूला यावं लागलं. मग बारकी नवऱ्याला म्हणाली, 'मला ऐकू का येत नाही ते सांग यांना.'

'अगं, त्या दिवशी मी आधीच वैतागलेला होतो...'

'का वैतागलास ते नाही विचारलं. काय केलंस ते सांग.'

'तुला माहितेय.'

'मला माहितेय. माझ्या बाबांना माहीत नाही. त्यांना सांग.'

तो सोफ्याच्या कडेची शिलाई नखाने उकरत बसला. टीव्हीवर तुम्ही तीनदा दाखवता, त्याच्या तोंडून एकदा निघेना. शेवटी बारकीनेच सांगितलं. आवाज चढवला नाही. ताटं, पाहुणे, कान, सगळं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. 'थंडी म्हणालीस तू.' मग ते उठले. मला वाटलं, आता धावतात. ते दाराशी गेले, दार उघडलं आणि जावयाला म्हणाले, 'तुम्ही निघा.' एरवी त्याला अरे-तुरे करतात, आज तुम्ही म्हणाले, खारू. त्या 'तुम्ही'ने तो जेवढा पांढरा पडला, तेवढा शिवीने पडला नसता.

दारातून वळून म्हणाला, 'मालिका बघून बघून डोकी फिरलीत तुम्हा बायकांची.' मी म्हटलं, 'मालिकेत तर ती माफी मागते हो. तुम्ही बघा, तुम्हाला आवडेल.'

सोमवारी बारकी कामावर गेली. काका माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा करून आणला, साखर घालायला विसरले. मी तसाच प्यायले.

तुझी नोकरी माझ्यासारख्यांमुळे गेली, असं राहून राहून वाटतं.

मावशी


१६ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग बारकीला फोन केला. या वेळी तिने उचलला. 'रांगेत पेशंट आहेत, नंतर बोलू,' म्हणाली आणि ठेवला. इतक्या गोडपणे आजवर कुणी माझा फोन ठेवला नव्हता.

नोकरी तुझ्यामुळे गेली नाही. आता इकडचं ऐक, कारण तुझ्या कानावर काहीबाही आलंच असेल.

आमच्या डॉक्टरणीला एका चॅनेलने सकाळच्या थेट कार्यक्रमात बोलावलं. त्या निवेदकाने विचारलं, 'इतकं सुंदर कसं रडता तुम्ही?' ती म्हणाली, 'माफीच्या प्रसंगात मी खरंच रडत होते, लाजेने. जिने तो लिहायला नकार दिला तिची नोकरी गेली. मी नकार दिला नाही. द्यायला हवा होता.' निवेदक दात दाखवून हसला आणि जाहिराती लागल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात 'डॉक्टरीण बिथरली', सोबत तिचा पोहण्याच्या पोशाखातला जुना फोटो. तिच्या बोलण्याचा पोहण्याशी काय संबंध ते कुणी सांगितलं नाही. मलाही सोडलं नाही. 'लग्न न केलेल्या लेखिकेला संसार काय कळणार?' माझा फोटो कुठल्याशा सहलीतला, तोंडात आइस्क्रीम. मैत्रिणींना दोन्ही बाजूंनी कापून टाकलंय, म्हणजे मी एकटी दिसावी. एका वार्ताहराचा फोन आला, 'पुरुषांविषयी तुमच्या मनात एवढी कटुता कशामुळे?' मी म्हटलं, 'मालकांना विचारलंत का, बायकांविषयी त्यांच्या मनात काय आहे? त्यांनी तर वर्षभर रोज दाखवलंय.' ते छापलं नाही.

मालिकेत डॉक्टरणीची गाडी पुलावरून खाली गेली. तिचा नवरा फार सुंदर रडला. त्याची नवी बायको महिनाअखेरीस येतेय, ती नोकरी करत नाही.

पहिले दोन दिवस मी पडदे लावून बसले, खोटं कशाला सांगू. भाजीवाल्याकडेही गेले नाही. तिसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या दारात उभी, हातात तिचा स्वतःचा माइक. म्हणाली, 'चेहरा नको त्यांना माझा, तर नको. आवाज आहे ना?' आता आम्ही माझ्या स्वयंपाकघरात खिडकीला गोधडी ठोकून ध्वनिमुद्रण करतो. नुसती ऐकायची मालिका, मोबाइलवर कुणालाही ऐकता येईल अशी. डॉक्टरीणच आहे, पण पहिल्या भागापासून पेशंट आहेत. सेट बांधावा लागत नाही, खोकला काढला की पेशंट तयार. आमचा तो ध्वनीवाला सुट्टीच्या दिवशी येतो. मी त्याला सांगितलंय, या वेळी मांडीवर काही मारायचं नाही.

फार लोक ऐकत नाहीत अजून. पण ऐकणाऱ्या एकीने लिहिलं, 'ही डॉक्टर मला तपासेल असं वाटतं.' मी ते वाक्य दिवसभर म्हणत होते.

त्या घरचं काही पुन्हा कळलं का? तो शांत बसला असेल असं वाटत नाही.

तुझी,
खारू


२ मे

खारू,

तुझं अनुमान बरोबर. नाही बसला शांत.

मंगळवारी तो बारकीच्या दवाखान्यात गेला. एक्सरेच्या खोलीबाहेर पेशंटांची रांग, त्यांच्यासमोर ओरडायला लागला की ही नवऱ्याचं घर टाकून पळालेली बाई आहे, हिला टीव्हीचं वेड लागलंय, घरी चल नाहीतर ओढून नेईन. बारकी आत एका म्हातारबाबांचा खुबा टेबलावर नीट ठेवत होती. तिने दाराबाहेरचा लाल दिवा लावला, आत येऊ नये म्हणून लावतात तो, आणि आपलं काम पुरं केलं. बाबांना उठवून बसवलं, काठी हातात दिली, मग बाहेर आली. तोवर रांगेतल्या बायकांनीच त्याला भिंतीशी लावला होता. एक म्हणाली म्हणे, 'तिला हात लाव, तुझाच एक्सरे काढावा लागेल.'

बारकी घरी येऊन म्हणाली, 'आई, मी पोलीस ठाण्यात चाललेय.' मी पायात चपला सरकवल्या. काकांनी कानाच्या तपासणीचे कागद काखेत धरले आणि आमच्या आधी रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

ठाण्यात साहेब टेबलामागे होते. सगळं ऐकून मला म्हणाले, 'मावशी, मालिका बघता का हो तुम्ही?' मी म्हटलं, 'बघायचे. बंद केली.' ते हसले, बारकीकडे वळले.

'आधी कधी मारलं होतं त्याने?'

'नाही.'

'म्हणजे एकदाच.' त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. 'एका थपडेसाठी एवढं? तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलीने जरा सबुरीने घ्यावं.'

मी तोंड उघडणार तेवढ्यात बारकीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, 'साहेब, दुसरी खाल्ल्यावर यायचं असतं का? तसा नियम असेल तर मला लिहून द्या आणि खाली तुमची सही करा.'

साहेबांनी पेन उचललं. नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला, आणि पुढच्या रकान्यात काही न विचारताच 'गृहिणी' लिहिलं.

बारकीने त्या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाली, 'हे खोडा. मी एक्सरे काढते.'

खोडलं त्यांनी.

तुझी,
मावशी